नाविकाचा हात आणि त्याचा मोजा

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या माणसाला एक अनुभव केव्हा ना केव्हा आलेला असतो. भरलेला पोहरा वर येत असता दोर हातातून निसटतो. तो आवरण्यासाठी मूठ आवळावी, तो तळहाताची आग आग होते. पाण्यात हात बुडविला तरी ती लवकर शमत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी फोड आलेला दिसतो. विहिरीवर कोठेही विस्तव नव्हता. दोर तर थंड आणि ओला होता. मग हात भाजला तो कशाने?

शिडाच्या होडीत बसणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न रोजच उभा असतो. वाऱ्याने भरलेले शीड हे भरलेल्या पोहऱ्याप्रमाणे दोर सतत ओढीत असते. पोहरा विहिरीत पडला तर गळ टाकून काढता येतो; परंतु शिडाचा दोर नको त्या क्षणी सुटला, अथवा हव्या त्या क्षणी सोडता आला नाही, तर होडी उलटण्याची भीती असते. नौकाक्रीडेत हाताच्या रक्षणाला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

आपल्या देशात या खेळांचा प्रसार आता पुष्कळ झाला आहे. मुंबईचे बंदर, हैदराबादचा हुसेनसागर, चेन्नई आणि गोवा येथील समुद्र या ठिकाणी शिडाच्या लहान होड्यांचे शिक्षण मिळते. चेन्नईजवळील कोवलम आणि मंगळूरजवळील मुल्की येथे तरुण मंडळी फळीवर उभी राहून लाटांवरून घसरत येण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, सराव करतात. चेन्नईच्या नेत्रा कुमानन यांनी टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत (हे सामने २०२१ मध्ये भरले) नौकानयनात भाग घेतला. त्या खेळात पात्र ठरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्यांच्या प्रकारच्या होडीत एकच माणूस असतो. त्याच्या एका हातात सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्या हातात शिडाचा दोर असतो. तिसरा हात नसल्यामुळे आहेत त्या दोहोंची काळजी घेणे भाग पडते.

या खेळांसाठी अनेक प्रकारचे हातमोजे मिळतात. त्यांतील सर्वांत चांगला कोणता, असे नवशिका मनुष्य विचारतो. शास्त्रीय दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. माझ्या हाताला धोका कशापासून आहे, दोराच्या घर्षणापासून, पाण्याच्या थंडीपासून, की स्नायूंच्या थकव्यापासून, हे प्रथम ठरविले पाहिजे. या तिन्ही शत्रूंवर एकच मोजा उपयोगी पडत नाही; किंबहुना एकापासून रक्षण करणारा मोजा पुष्कळदा दुसऱ्याला साहाय्य करतो.

दोराने हात भाजतो कसा?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की गतीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते, हे आपण शाळेत शिकतो. दोराच्या बाबतीत ही उष्णता किती असेल याचा अंदाज आपण स्वतः करू शकतो.

समजा, शिडाचा दोर १५ किलोग्रॅम वजनाइतक्या, म्हणजे सुमारे १५० न्यूटन, ताणाने ओढला जात आहे आणि मूठ आवळलेली असताना तो १ मीटर घसरला. येथे १५० ज्यूल उष्णता निर्माण झाली. त्यातील निम्मी दोराबरोबर गेली असे मानले तरी ७५ ज्यूल त्वचेच्या वाट्याला येतात. आता, त्वचा ही उष्णतेची मंद वाहक आहे. एका सेकंदात उष्णता तिच्यात जेमतेम ०.३ मिलिमीटर खोल शिरते. दोराचा स्पर्श २० चौरस सेंटिमीटर जागेला झाला असेल, तर तापणाऱ्या पातळ थराचे वस्तुमान केवळ ०.६ ग्रॅम भरते. एक ग्रॅम त्वचेचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ३.५ ज्यूल लागतात. यावरून हिशेब केला असता त्या थराचे तापमान सुमारे ३५ अंशांनी वाढते असे दिसते. तळहाताचे मूळ तापमान ३३ अंश सेल्सिअस धरले तर ते ६८ अंशांवर पोहोचते.

हा केवळ स्थूल अंदाज आहे. पण त्याचा अर्थ गंभीर आहे. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, ४४ अंश तापमानाचा स्पर्श त्वचेला भाजण्यास सुमारे सहा तास घेतो, परंतु ६० अंशांना त्यासाठी काही सेकंदच पुरतात. विहिरीवरचा फोड हा असा खऱ्या अर्थाने भाजल्याचा फोड असतो.

आता तळहात आणि दोर यांच्यामध्ये १ मिलिमीटर जाडीचे चामडे ठेवून पाहू. उष्णतेला एवढे अंतर ओलांडण्यास सुमारे दहा सेकंद लागतात. तोपर्यंत दोर थांबलेला असतो आणि उष्णता मोठ्या क्षेत्रावर पसरून सौम्य झालेली असते. चामडे उष्णता नाहीशी करीत नाही. ते तिला उशीर लावते, आणि त्या विलंबातच हाताचे रक्षण होते. जाडी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. मग मोजा शक्य तितका जाड का घेऊ नये, असे वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे येणारच आहे.

तत्पूर्वी एका महत्त्वाच्या गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. मोठ्या नौकेवर दोराचा ताण इतका असतो की, कोणत्याही मोज्याने तो हातात धरता येत नाही. अशा वेळी दोर विंचच्या गोल पिंपाभोवती गुंडाळतात. अठराव्या शतकातील थोर गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याने या क्रियेचा नियम मांडला आहे. पृष्ठभागाचा घर्षणांक ०.२ असेल, तर एका वेढ्याने हातावर येणारा ताण सुमारे साडेतीन पटींनी कमी होतो आणि तीन वेढ्यांनी तो ४३ पटींनी कमी होतो. म्हणून जाणता नाविक आधी वेढे वाढवितो आणि मग मोज्याचा विचार करतो. दोराचा वेढा स्वतःच्या हाताभोवती मात्र कदापि घेऊ नये, मग हातात मोजा असो वा नसो. अशा वेढ्यात सापडलेला हात ऐन वेळी सोडविता येत नाही.

जाड मोजा हात थकवितो

आपल्या बोटांत मूठ आवळणारे मोठे स्नायू नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात व लांब स्नायुरज्जूंनी बोटांना ओढतात. एखादी दांडी बराच वेळ धरली म्हणजे बोटांपेक्षा कोपराखालचा हात अधिक दुखतो, तो यामुळेच.

मोजा घातला म्हणजे या स्नायूंवर दोन प्रकारे जादा भार पडतो. एक तर मोज्याचे कापड वा रबर वाकविण्यासाठी प्रत्येक वेळी काही बल खर्च होते. दुसरे असे की, हातात धरलेल्या दांडीची जाडी जणू वाढते. मोजा २ मिलिमीटर जाडीचा असेल तर दांडीच्या दोन्ही बाजूंनी मिळून व्यास ४ मिलिमीटरने वाढतो. विंडसर्फिंगमध्ये, म्हणजे शीड लावलेल्या फळीच्या खेळात, खेळाडू सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाची आडवी दांडी धरून उभा असतो. त्याच्या मुठीला हा फरक लगेच जाणवतो. पंधरावीस मिनिटांत हाताला गोळे येतात आणि मूठ आपोआप सैल पडू लागते. भोवताली खोल पाणी आणि अंगावर वारा असताना मूठ सैल पडणे ही साधी गैरसोय राहत नाही.

याशिवाय स्पर्शज्ञानाचीही किंमत मोजावी लागते. दोर किती ताणला आहे, तो कप्पीत अडकतो आहे काय, गाठ सुटली की नाही, हे सर्व नाविक डोळ्यांपेक्षा बोटांनीच अधिक जाणतो. जाड मोज्यातील बोटाला हे समजत नाही. म्हणून नौकानयनाच्या मोज्यांत पुष्कळदा बोटांची अग्रे उघडी ठेवतात. काही मोज्यांत अंगठा आणि तर्जनी एवढीच उघडी असतात. तळहातावर व बोटांच्या खालच्या पेरांवर मात्र चामड्याचा दुहेरी थर शिवलेला असतो, कारण दोर तेथेच घासतो. शिडे शिवणारे कारागीर सुई दाबण्यासाठी तळहातावर चामड्याचा पट्टा बांधतात. त्यातही तत्त्व हेच. जेथे झीज होते तेथे संरक्षण द्यावे आणि जेथे ज्ञान होते तेथे हात मोकळा ठेवावा.

थंडी हात हिरावून घेते

उष्ण प्रदेशातील वाचकाला थंड पाण्याची भीती सहसा कळत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी वर्षभर साधारणपणे २६ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. तेथे हाताला ऊब देण्याची गरजच पडत नाही. परंतु तोच नाविक दक्षिणेकडे गेला म्हणजे परिस्थिती पालटते. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यात बांधलेली ही नौका सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाली, जानेवारी २०१८ मध्ये तिने दक्षिण अमेरिकेचे हॉर्न भूशिर ओलांडले आणि मे २०१८ मध्ये ती गोव्यास परतली. हॉर्न भूशिराजवळचे पाणी उन्हाळ्यातही १० अंशांच्या खालीच असते. एकाच प्रवासात, एकाच नौकेवर, हाताच्या रक्षणाचा प्रश्न असा पूर्णपणे बदलतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे २३ पट अधिक उष्णतावाहक आहे. त्यातून बोट हे बारीक नळकांड्यासारखे असल्याने त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो. साहजिकच शरीराच्या इतर भागांपेक्षा बोटे लवकर थंड होतात. शरीरही अंतर्भागाची ऊब राखण्यासाठी हातांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांच्या खाली गेले की हातचलाखी मंदावते आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शज्ञान जवळजवळ नष्ट होते. अशा अवस्थेत मनुष्य शुद्धीवर असतो, काय करावयाचे हेही त्याला कळत असते. परंतु गाठ सोडणे किंवा फेकलेला दोर धरणे त्याला जमत नाही. थंड पाण्यातील अपघातांत हात असे आधी निकामी होतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथे स्पंजासारख्या नियोप्रीन रबराचे मोजे उपयोगी पडतात. हे कृत्रिम रबर अमेरिकेत १९३० साली तयार झाले. ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने १९५१-५२ च्या सुमारास पाणबुड्यांच्या पोशाखाचा विचार करताना असे दाखविले की, ऊब राखण्यासाठी शरीर कोरडे असण्याची आवश्यकता नाही. पोशाखाच्या द्रव्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असले म्हणजे पुरे. पोशाखाच्या आत शिरलेले पाणी ऊब देते अशी समजूत आढळते. खरे पाहता ऊब राखतात ते बुडबुडे. फेसाळ नियोप्रीनची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे बारावा हिस्सा असते. आतले पाणी सारखे बदलत राहिले तर ती ऊब वाहून जाते, म्हणून मोजा मनगटाशी घट्ट बसणे अगत्याचे असते.

वाऱ्यात ओला मोजा आणखी एक नुकसान करतो. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषून घेते, आणि ती हातातूनच जाते. यास्तव वाऱ्यात उभे राहून खेळावयाच्या खेळांत पाणी शोषणाऱ्या कापडी पाठीच्या मोज्यापेक्षा गुळगुळीत, पाणी निथळून जाणाऱ्या पाठीचा मोजा अधिक उबदार ठरतो.

जाडीला येथेही मर्यादा आहे. ८ मिलिमीटर त्रिज्येच्या बोटावर ५ मिलिमीटर रबर चढविले तर बाहेरचा पृष्ठभाग १.६ पट होतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे क्षेत्रही वाढते. चारी बोटे एकत्र ठेवणारा पिशवीसारखा मोजा यासाठीच अधिक ऊब देतो. मात्र त्यात बारीक कामे होत नाहीत. शिवाय मूठ आवळणारे स्नायू कोपराखाली असल्याने, बाही उघडी ठेवून केवळ पंजा झाकल्याने काम भागत नाही. थंडीत हात राखावयाचा असेल तर कोपरापासून राखावा लागतो.

फळीवरील खेळांत काय करावे?

सर्फिंगमध्ये दोर किंवा दांडी धरावयाची नसते. खेळाडू पालथा पडून हातांनी पाणी मारीत पुढे जातो आणि लाट आली की तळहात फळीवर दाबून उभा राहतो. कोमट पाण्यात त्याला मोज्याची गरज नाही. उलट मोज्यात पाणी भरले की प्रत्येक फटक्याला ते वजन उचलावे लागते. बोटांमध्ये पडदे असलेले मोजेही मिळतात. त्यांनी हाताचे क्षेत्र वाढते आणि पाणी अधिक ढकलले जाते. पण तो सर्व भार खांद्यावर येतो. नवशिक्याने त्यांच्या वाटेस न जाणे बरे.

फळीवर उभे राहून लांब वल्हे मारण्याच्या खेळात अंगठ्याच्या मुळाशी फोड येतात. ओलसर त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा दांडीला अधिक चिकटते. त्यामुळे वरचा थर वल्ह्याबरोबर ओढला जातो, खालचा जागेवर राहतो आणि मध्ये पाणी साठते. येथे पातळ, अर्ध्या बोटांचा मोजा उत्तम. त्याने हाताच्या पाठीचे उन्हापासून रक्षण होते, हा आणखी एक लाभ. विंडसर्फिंग करणाराने उष्ण प्रदेशात एक तर मोजा घालू नये व हळूहळू तळहाताला घट्टे पडू द्यावेत, अथवा अत्यंत पातळ तळव्याचा मोजा घ्यावा. थंड प्रदेशात हाताची पाठ झाकणारे परंतु तळहात उघडा ठेवणारे मोजे वापरतात. त्यात ऊब थोडी कमी मिळते, पण पकड शाबूत राहते.

द्रव्य, माप आणि निगा

खरे चामडे घर्षणाला चांगले टिकते आणि हाताच्या आकाराला जुळवून घेते. परंतु खाऱ्या पाण्याने भिजून वाळले की कडक होते. कृत्रिम चामडे लवकर वाळते व मऊ राहते. काही मोज्यांत केव्हलार या तंतूचा उपयोग करतात. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९६५ साली शोधून काढलेला हा तंतू कापला जाण्यास मोठा प्रतिकार करतो, मात्र उन्हातील अतिनील किरणांनी तो दुबळा होतो. हल्लीच्या कृत्रिम धाग्यांच्या दोऱ्या बारीक असूनही बळकट असतात. दोरीची जाडी निम्मी झाली तर तेवढाच ताण तळहाताच्या निम्म्या रुंदीवर येतो व दाब दुप्पट होतो. काथ्याचा जाड दोर उघड्या हाताने ओढणाऱ्या जुन्या खलाशांचे उदाहरण म्हणूनच आजच्या दोरीला जसेच्या तसे लागू पडत नाही.

मापासाठी अंगठा वगळून तळहाताचा घेर बोटांच्या मुळांशी मोजावा व मधल्या बोटाची लांबी पाहावी. मोजा घालून मूठ आवळावी. तळव्यावर सुरकुत्या जमल्या, अथवा बोटांच्या टोकांशी रिकामी जागा राहिली, तर तो मोजा मोठा आहे. सैल मोज्याचे टोक विंचमध्ये किंवा कप्पीत ओढले जाऊ शकते, आणि त्याबरोबर बोटही. मूठ आवळून धरताना कष्ट पडत असतील वा बोटे बधिर होत असतील तर तो लहान आहे. चामडे भिजल्यावर सैल होते, म्हणून नवे असताना ते किंचित घट्टच असावे. वापरानंतर मोजे गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत.

करून पाहा

वर्गात हे प्रयोग सहज करता येतील. एक जाड सुतळी घेऊन उघड्या हातांनी पाच गाठी बांधा व सोडा, आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. मग धुणीभांड्यांचे रबरी मोजे, लोकरी मोजे असे प्रकार घालून तीच कृती करा. दुसरा प्रयोग असा : गुळगुळीत आडव्या खांबावरून दोरी टाकून एका टोकाला पाण्याची बादली बांधा, दोरीचे वेढे एक, दोन, तीन असे वाढवीत जा आणि बादली तोलून धरण्यास किती बल लागते ते पाहा. तिसऱ्या वेढ्याला एका बोटाने बादली पेलली गेली की, मोज्याचे काम कोठे सुरू होते आणि दोर लावण्याच्या युक्तीचे काम कोठे संपते हे ध्यानात येईल.

मोजा विकत घेण्यापूर्वी आपल्या हाताला कोणते काम करावयाचे आहे, पाणी किती थंड आहे आणि दोर वा दांडी किती वेळ धरावयाची आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. ज्याने त्या लिहिल्या, त्याला दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. आणि काही वेळा मोज्यावाचून पाण्यावर जाण्याचा निर्णयही तो निःशंकपणे घेऊ शकतो. दोर धरणे आणि योग्य क्षणी तो सोडणे, ही दोन्ही कामे अखेर हातालाच करावयाची असतात. ज्या मोज्यात ती दोन्ही नीट होतात, तोच त्या हाताचा योग्य मोजा होय.